लाल निशाण आणि रविवारचा पेपर

आमच्या घरमालकांच्या अंगणात कोणी गाडी घेऊन आलं, की मालक त्याला पाणी विचारायच्या आधी त्याच्या गाडीखाली वर्तमानपत्र सरकवायचे. मग तो कोणीही असो. व्याही असोत, नगरपालिकेतले कोणी असोत, नाहीतर पत्रिका द्यायला आलेले नवरीचे काका. चहा होऊन पाहुणा गाडीत बसायला निघाला की हे वाकायचे, कागद ओढून काढायचे, चष्मा कपाळावर चढवून तो उन्हात धरायचे आणि निकाल द्यायचे. "इंजनाचं ऑइल हाय. लई काळं झालंय. सर्व्हिसिंग लांबवू नगा." नाहीतर, "एसीचं पाणी हाय नुसतं. जावा बिनघोर." एकदा मेहुण्यांच्या कोऱ्या गाडीखाली त्यांना थेंब सापडला आणि त्यांनी तो चारचौघांत दाखवला. मेहुणे पुढं वर्षभर फिरकले नाहीत. थेंब मात्र खरा होता, हे मालकीणबाई, म्हणजे आमच्या मामीसुद्धा कबूल करायच्या, आणि मेहुणे म्हणजे त्यांचा सख्खा भाऊ.

सगळी गल्ली मालकांना मामा म्हणायची, म्हणून मीही मामाच म्हणू लागले. मी खुटबावच्या शाळेत शिकवायला लागले तेव्हा दौंडला त्यांच्या माडीवरची खोली भाड्यानं घेतली. सकाळच्या डेमू लोकलनं जायचं, संध्याकाळच्या डेमूनं परत यायचं. सहा वर्षं राहिले. आता शिरूरला बदली होऊन बरेच दिवस झाले, मामा जाऊन दोन वर्षं झाली, आणि मी अजून रोज रात्री माझ्या गाडीखाली पेपर टाकते. शेजारच्या वहिनी विचारतात, "मांजर घाण करतं का हो?" मी हो म्हणते. कुठं सांगत बसू.

मामा रेल्वेत फिटर होते. उमेदीच्या काळात फलाटाला गाडी लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन एकेक चाक ठोकत जायचं, हे त्यांचं काम. चांगलं चाक खणखणीत बोलतं, तडा गेलेलं बद्द बोलतं. निवृत्त झाल्यावर चाकं उरली नाहीत, पण ठोकायची सवय गेली नाही. गॅसचं सिलिंडर ठोकायचे, पाण्याची टाकी ठोकायचे, कलिंगडवाल्याच्या गाड्यावरची सगळी कलिंगडं ठोकून एक घ्यायचे. मी नवं कपाट आणलं तेव्हा ते वर येऊन कपाटाला तीन ठिकाणी ठोकून गेले आणि "फसवलं तुमाला" एवढंच बोलले. कपाट पावसाळ्यात फुगलं तेव्हा मी ते त्यांच्यापासून लपवून ठेवलं.

"आमचा बा मेंढरं राखायचा," ते सांगायचे. "लेंडी बघून मेंढराचं दुखणं सांगायचा. मी थेंब बघून गाडीचं सांगतो. धंदा त्योच हाय, बाई."

त्यांचा दुसरा नियम लाल फडक्याचा. मामा गाडीखाली शिरण्याआधी तिच्या आरशाला एक लाल फडकं बांधायचे. त्याला ते निशाण म्हणायचे. निशाण असताना गाडी हलवायची नाही, किल्लीला हात लावायचा नाही, दारसुद्धा आपटायचं नाही. आणि ज्यानं निशाण लावलं त्यानंच ते उतरवायचं. दुसऱ्या कोणीही नाही, अगदी मामींनीही नाही. दुधाची पिशवी घ्यायला अंगणात जाताना मामी त्या फडक्याला वळसा घालून जायच्या. पुण्याला राहणाऱ्या त्यांच्या मुलानं एकदा मोबाईलवर घरच्या घरी गाडी दुरुस्त करणाऱ्या कुणा परदेशी माणसाचा व्हिडिओ लावून दिला. मामांनी अर्धा मिनिट बघितला आणि फोन परत दिला. "ह्येचं निशाण कुठंय? हा मरंल एक दिवस."

तिसरी गोष्ट खलाशाची. रेल्वेत फिटरच्या हाताखालच्या गड्याला खलाशी म्हणतात. पान्हा दे, बॅटरी धर, बादली सरकव, हे त्याचं काम. मामांच्या अंगणात मामा सोडून सगळे खलाशी. इंजिनिअर झालेला पोटचा मुलगासुद्धा खलाशी. मी बॅटरी धरायला लागले तेव्हा मलाही ते "खलाशी, जरा डावीकडं" म्हणायचे. शाळेत चाळीस पोरं मला घाबरतात आणि इथं मी खलाशी, पण का कोण जाणे, मला ते आवडायचं. फिटर व्हायला काय लागतं, असं मी एकदा विचारलं. "हातात काय न्हाई लागत," ते म्हणाले. "निशाण सांभाळता आलं म्हंजी झालं." मला ते काही नीट कळलं नव्हतं.

आता मामांच्या गाडीविषयी सांगायला हवं. पांढरी, जुनी, छोटी गाडी. तिचं काम आठवड्यातून एकदाच. दर शनिवारी मामा मामींना घेऊन भीमेच्या पुलावरून वडगाव रासाईला जायचे. तिथं मामींच्या थोरल्या बहिणीचं घर. अक्का ऐंशीच्या पुढं गेलेल्या, पायानं अधू, घरात सुना होत्या पण दिवसभर मळ्यात. शनिवारी मामी जाऊन बहिणीला न्हाऊ घालायच्या, वेणी घालायच्या, दोघी दुपारभर गप्पा मारायच्या. मामा ओसरीवर झोपायचे. एसटीनं जायचं तर दोन गाड्या बदलायच्या आणि मामींचे गुडघे फाट्यापासून घरापर्यंत चालायला तयार नसायचे. गाडी नाही तर शनिवार नाही, इतकं ते सरळ होतं.

माझ्या तिथल्या शेवटच्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास आमच्याच गाडीखालच्या पेपरावर थेंब पडायला लागले. जगाच्या गाड्या तपासणाऱ्या मामांच्या गाडीखाली! मामांनी थेंब बोटावर घेतला, वास घेतला. "गिअरबॉक्सचं त्याल हाय. एक्सल जिथं आत जातो तिथली सील गेली." एक्सल म्हणजे चाक फिरवणारा दांडा, आणि सील म्हणजे त्याच्याभोवतीची रबराची एक बांगडी, तेल आत अडवून धरणारी. वस्तू तळहातावर मावेल एवढी, पण ती बदलायला अर्धी गाडी उघडावी लागते.

नेमका त्या शनिवारी संध्याकाळी मुलगा पुण्याहून आला. डाग बघून तो वैतागला. तसा मुलगा वाईट नव्हता, काळजीतच बोलत होता. "आप्पा, तुमचे हात थरथरतात. उद्या रस्त्यात गाडी बंद पडली तर? पुढच्या रविवारी मी येतो. तोवर हे गळणं थांबलं नाही, तर गाडी विकायची आणि तुम्ही दोघांनी पुण्याला यायचं. आता मी ऐकणार नाही."

मामी स्वयंपाकघरात होत्या, पण त्यांच्या हातातलं लाटणं थांबल्याचं मला जिन्यातून ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, निशाण लागलं. मामांनी रुळांखालच्या जुन्या स्लीपरचे लाकडी ठोकळे लावून गाडी उचलली, चाक काढलं, गिअरबॉक्सचं तेल पातेल्यात उतरवलं. मी बॅटरी धरून शेजारी पालथी पडले. एक्सल बाहेर आला, जुनी सील उचकटून निघाली, कडक होऊन चिरलेली. नवी सील त्यांनी तेलात बुडवली, जागेवर धरली आणि जुनीच सील वर ठेवून हातोडीनं हळूहळू, चहूबाजूंनी सारखं ठोकत ती बसवली. ते ठोकणं बघण्यासारखं होतं. हातोडी हातात आली की त्यांचा हात थरथरत नसे.

थरथरला तो शेवटी. एक्सल परत आत घालताना. त्याच्या टोकाला दाते असतात, ते रबराच्या कडेला न लागता आत जायला हवेत. एक्सल जड, मामा उताणे, आणि हात हलला. बॅटरीच्या उजेडात दाते रबराला घासलेले मी स्वच्छ पाहिले. मामांनी विचारलं, "लागलं का, खलाशी?"

मी म्हणाले, "नाही, मामा."

का म्हणाले, ते आजही मला नीट सांगता येत नाही. सकाळपासून पाच तास हा म्हातारा फरशीवर पडला होता, त्याच्या बनियनचा पार राडा झाला होता, आणि मामी तिसऱ्यांदा चहा घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. माझ्या तोंडून 'नाही' निघून गेलं. नवं तेल भरलं, ठोकळ्यांवरच गाडी चालू करून चाकं फिरवली, मग गाडी खाली घेतली. मामांनी नियम सांगितला. तीन रात्री कोरड्या गेल्या की निशाण उतरणार. त्यांनी त्या दिवसाचा वाचून झालेला पेपर गाडीखाली घातला आणि चार कोपऱ्यांवर दगड ठेवले.

सोमवारी पहाटे मी त्यांच्या आधी उठून खाली गेले. पेपरावर थेंब. रुपयाएवढा, लालसर.

मी वर गेले, माझ्या गठ्ठ्यातला एक पेपर आणला, तो गाडीखाली घातला, दगड ठेवले आणि थेंबाचा कागद पिशवीत कोंबून खुटबावला नेला. मामांनी सकाळी कागद काढला, उन्हात धरला, बराच वेळ धरला. "कोरडा हाय," म्हणाले. मामींनी देवापुढं साखर ठेवली. मंगळवारी पुन्हा तेच. थेंब मोठा झाला होता. डेमूत बसून मी स्वतःला समजावत होते की शनिवार पार पडू दे, रविवारी मुलगा येऊन कोरडा कागद बघून जाऊ दे, मग सावकाश सांगू. गिअरबॉक्स आटला तर पुलावर काय होईल, हा विचार आला की खिडकीबाहेर बघत बसायची.

बुधवारी पहाटे कागद बदलून मी वळले तर मामा पायरीवर बसलेले. टोपी घातलेली, म्हणजे केव्हाचे उठले होते.

"बसा बाई," ते म्हणाले. मी बसले.

"मला एक सांगा. मी राती गाडीखाली मंगळवारचा पेपर घालतो. सकाळी त्यो रविवारचा कसा व्हतो?"

मी हातातला कागद उगीच घडी घालू लागले. माझ्या खोलीत पेपर फक्त रविवारी यायचा, कोड्यासाठी. माझ्या गठ्ठ्यात सगळेच रविवार.

"सोमवारी रविवारचा निघाला तवा म्हटलं असंल. रविवारीच घातलेला. पन त्यो गेल्या महिन्यातला रविवार. कोडं पन सोडवलेलं."

वर्गात मी कॉपी करणारी पोरं नुसत्या मानेवरून ओळखते. आणि मी स्वतः कॉपी केली ती अशी, तारखेसकट. लाजेनं माझे कान तापले. "मग मामा, तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला वाटलं ही करतीया." त्यांनी घराकडं मान केली. "तुमची कोडी ती मागून न्हेती कवाकवा. म्हटलं, करू दे. तिला अक्काकडं जायचंय. तिचं मन कशाला मोडायचं."

"मी न्हाई हो," आतून मामींचा आवाज आला. त्या दाराआडच होत्या. "मी बाईंना बघितलं सोमवारीच. म्हटलं पोर तुमच्यासाठी करतीया, कशाला बोलायचं."

तिघंही तीन दिवस एकमेकांसाठी गप्प बसलो होतो आणि गाडी आपली निवांत गळत होती. मामा आधी हसले. मग मीही हसले. मग त्यांनी विचारलं, "रविवारी दाते लागले हुते ना?" मी हो म्हणाले. त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडं बघितलं. पालथा केला, उताणा केला.

"सील मी दोन आनल्यात," ते म्हणाले. "आज लवकर या."

मी शेवटच्या दोन तासांची रजा टाकून दुपारच्या गाडीनं आले. मामांनी गाडी ठोकळ्यांवर घेऊन ठेवली होती, तेल उतरवलं होतं, चाक काढलं होतं. मला वाटलं, बॅटरी देतील. त्यांनी आरशाजवळ जाऊन स्वतः बांधलेलं निशाण सोडलं. काम अर्धवट असताना त्यांनी निशाण उतरवलेलं मी सहा वर्षांत कधी पाहिलं नव्हतं, आणि मामींनीही त्यांच्या संसारात पाहिलं नसावं, कारण त्या "अहो" म्हणाल्या आणि थांबल्या.

फडकं माझ्या हातात देऊन मामा म्हणाले, "लावा."

"मामा, मला जमणार नाही."

"हात आता ऐकत न्हाई माझा. तुमचा ऐकतो. मी सांगतो, तुमी करा."

मी फडकं बांधलं आणि गाडीखाली शिरले. मामा डोक्याशी बसले, बॅटरी त्यांच्या हातात. जुनी काढली, नवी बसवली. हातोडी पहिल्यांदा इतकी जोरात मारली की ते "अवो, चाक न्हाई ते!" म्हणून ओरडले. एक्सल आत घालताना मात्र त्यांचा आवाज एकदम खाली आला. उजेड बारीक हलत होता, पण दात्यांवरच होता. "हळू. टेकवू नगा. अजून. आता ढकला." टक्क असा आवाज झाला. मामांनी श्वास सोडला तो माझ्या कानाशी.

त्या संध्याकाळी हात धुवायला रॉकेल देताना मामींनी मला निशाणाची गोष्ट सांगितली. मामा नोकरीला लागले त्या वर्षी ते कोवळे खलाशी होते. वस्तादाचं काम झालं असं वाटून, वस्तादाला तेवढाच हेलपाटा नको म्हणून, मायेनंच त्यांनी त्याचं निशाण उतरवलं. रेल्वेचा डबा हलला. वस्तादाची दोन बोटं गेली. "त्ये कुनाला बोलत न्हाईत," मामी म्हणाल्या. "तुमच्या कागदाचं कळलं तवा मात्र मला म्हनले, बाईबी माझ्यासारखीच हाय. मायेपोटी चूक करती."

गुरुवारचा कागद कोरडा. शुक्रवारचा कोरडा. या वेळी तारखा बरोबर होत्या, मी स्वतः पाहिल्या. शनिवारी पहाटे बॅटरी मारली, तिसरा कागदही कोरडा. मी ओरडतच मामींना सांगितलं. शनिवारची शाळा सकाळची, त्यात शाळा सुटल्यावर केंद्रावर प्रशिक्षण होतं, गाडीची वेळ झाली होती. मी चहा उभ्यानं पिऊन स्टेशनकडं पळाले. दिवसभर मी खुशीत होते. प्रशिक्षणात कोणीतरी काहीतरी सांगत होतं आणि मी मनात म्हणत होते, आता पुलावर असतील, आता अक्कांची वेणी चालली असेल.

पाचच्या पुढं मी गल्लीत शिरले. गाडी अंगणातच होती.

ओट्यावर मामा आणि मामी शेजारी शेजारी बसले होते. मामींच्या अंगावर ठेवणीतलं लुगडं, मांडीवर पिशवी, पिशवीत अक्कांच्या तेलाची बाटली वर आलेली. मामांच्या पायात बूट. डबा शेजारी ठेवलेला, तसाच बांधलेला. आणि गाडीच्या आरशाला मी बांधलेलं लाल फडकं.

मी ते उतरवायला विसरले होते.

"मामा! अहो, कागद कोरडा होता. काढायचं होतंत ना तुम्ही! नुसतं फडकं तर आहे!"

मामीच म्हणाल्या, "मी म्हटलं, फोन तरी करा. तर हे म्हनले, निशान फोनवर उतरत न्हाई. सकाळी सातपासनं बसलोय." त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण डोळे फडक्याकडं लागले होते. "अक्का वाट बघत असंल."

एक गाठ होती. गाडी दोघा म्हाताऱ्यांची, अंगण त्यांचं, फडकंसुद्धा त्यांचंच. ती सोडायला पळभरही लागलं नसतं आणि बघायलाही कोणी नव्हतं. ते दिवसभर तिच्यासमोर बसून राहिले. मला रडू आलं. रडतच मी ती गाठ सोडली, आणि घाईत ती आधी आणखी घट्ट झाली.

मामा उठले, किल्ली काढली. "चला," म्हणाले. "तुमीबी चला."

आम्ही निघालो. मागच्या सीटवर मी मामींची पिशवी धरून बसले होते आणि पूलभर कान देऊन गिअरबॉक्सचा आवाज ऐकत होते. वडगावला पोचलो तेव्हा उसात अंधार उतरत होता. अक्का दारातच बसल्या होत्या, केस मोकळे, वेणीसाठी सकाळपासून तसेच सोडलेले.

"एवढा उशीर?" त्या मामांवर कडाडल्या. "म्या म्हटलं, आता ह्यो शनवार काय येत न्हाई. गाडी मोडली का तुमची?"

मामांनी बूट काढले, ओसरीच्या कडेला नीट लावले. मग सावकाश म्हणाले, "गाडीला काय धाड भरलीया? फिटर ड्युटीवर गेला हुता."

"तुमी सोडून आनि कोन फिटर?"

मामांनी हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं. "ह्या बाई."